कल्याणकन्या डॉ. आनंदीबाई जोशी

शहाडहून मुंबईकडे निघाले असता पहिलेच स्थानक कल्याणचे लागते. त्या कल्याणात दिनांक 31 मार्च 1865 रोजी जोशी नामक ब्राह्मण कुटुंबात यमुना नावाची कन्या जन्मास आली. ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची चरित्रे शोभतात. जिने कधीही बाप्तिस्मा घेतला नाही अशा स्त्रीचे चरित्र येथे कशास, असा प्रश्न आमच्या काही धर्मग्रामस्थांच्या मनी येईल. तो योग्यच आहे. ह्या बाईंच्या चरित्रात ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांची एक कठीण परीक्षा झाली. तीत कोणी उणे पडले, कोणी उतरले. म्हणून ते आम्हांस सांगावेसे वाटते.

नवव्या वर्षी यमुनेचा विवाह टपालखात्यातील बिजवर गोपाळराव जोशी यांच्याशी झाला व ती आनंदी झाली. गोपाळरावांस बायकोस शिकविण्याचा ध्यास मोठा. परंतु अभ्यासात कुचराई झाली की ते हातही उगारीत. स्त्रीशिक्षणाचा हा कैवारी घरात असा वागे, हे लपविण्यात अर्थ नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंस पुत्र झाला, तो दहा दिवसच जगला. स्त्रियांस स्त्री वैद्य मिळाली पाहिजे, ही त्यांची तळमळ त्या दुःखाशी जोडलेली आहे.

पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत साहाय्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी 1878 साली रॉयल वाइल्डर ह्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरास होते. त्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, परंतु मदतीऐवजी ख्रिस्ती होण्याचा उपदेश केला. उपदेश करण्यास आमची हरकत नाही. सुवार्ता सांगणे हे आमचेही कर्तव्य आहे. हरकत आहे ती गरजवंताच्या गरजेस धर्मांतराची अट जोडण्यास. तशाने श्रद्धेचा सौदा होतो, आणि समोरचा मनुष्य आहे तसा मदतीस अपात्र ठरतो. वाइल्डर प्रोटेस्टंट होते, असे म्हणून आम्हां कॅथलिकांस हात झटकता येणार नाहीत. 1560 साली गोव्यात स्थापन झालेले इन्क्विझिशन आमच्याच लोकांनी चालविले होते.

तोच मासिकाचा अंक 1880 साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या गृहिणीच्या हाती, दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता पडला. ही बाईही ख्रिस्तीच. तिने कोणतीही अट न घालता आपले घर देऊ केले. पत्रांतून जिव्हाळा वाढला आणि आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या.

इकडे स्वकीयांचाही जाच काही थोडा नव्हता. समुद्र ओलांडणारी स्त्री ती कसली कुलीन, असा त्यांचा हिशेब! एकास ती बाप्तिस्म्यावाचून उणी, दुसऱ्यास ती सोवळ्यावाचून उणी. फेब्रुवारी 1883 मध्ये बंगाल्यात श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात अवघ्या सतरा वर्षांच्या आनंदीबाईंनी भर सभेत ह्या दोहोंस उत्तर दिले. आपण वैद्यक शिकण्यास जाणार, हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांनी शांतपणे सांगितले. हे भाषण मिशनरी संस्थेच्या छताखाली झाले, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षीच्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जून रोजी न्यूयॉर्कास पोचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांस प्रवेश मिळाला. तेथील कडक थंडीत त्यांची प्रकृती ढासळत गेली, तरी शाकाहार त्यांनी सोडला नाही. 11 मार्च 1886 रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या आद्य हिंदी स्त्रियांपैकी एक होत. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. आनंदीबाईंनी तो घेतला नाही. दोघींच्या स्नेहात त्यामुळे अंतर पडले नाही. हा प्रसंग आमच्या मनात वारंवार येतो.

मनुष्य परमेश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला, असे उत्पत्तीचे पुस्तक शिकविते. ते प्रतिरूप बाप्तिस्म्याच्या पाण्याने प्रथम उमटत नाही. ते प्रत्येक मनुष्यास जन्मतःच लाभलेले असते. विश्वास ही देवाची कृपा व तारणाची वाट खरी, पण माणसाची किंमत ठरविण्याचा तो तराजू नव्हे. प्रभूच्या दाखल्यातील शोमरोन्याने जखमीची जखम बांधली, धर्म विचारला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली धर्मस्वातंत्र्याचे फर्मान काढले, तेव्हा त्याचा पाया मानवी व्यक्तीच्या प्रतिष्ठेवरच घातला आणि विश्वासासाठी कोणावरही सक्ती करू नये असे स्पष्ट केले. रोझेलच्या त्या गृहिणीने हे ऐंशी वर्षांहूनही आधी आपल्या घरात आचरले होते. आमच्या शाळांच्या व दवाखान्यांच्या दारी येणाऱ्यास आम्ही प्रथम काय विचारतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आनंदीबाई 1886 च्या नोव्हेंबरात क्षयाने जर्जर होऊन स्वदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांस मिळाली होती. त्या जागेवर त्यांस रुजू होता आले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. गोपाळरावांनी पुढे स्वतः बाप्तिस्मा घेतला व ते परतही फिरले. ती कथा निराळी.

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस धाडली. त्यांनी ती न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथील दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेविली. त्या ख्रिस्ती कुटुंबाच्या थडग्यांमध्ये आमच्या कल्याणच्या ह्या हिंदू मुलीच्या नावाचा दगड आजही उभा आहे.