विश्लेषण : ऊस कारखान्याला की गुऱ्हाळाला? तात्यासाहेब कोरे आणि सहकाराचा पेच

गुळाचा दर चढला की ऊस गुऱ्हाळाला घालावा, की सभासद म्हणून सहकारी कारखान्यालाच? कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाला हा प्रश्न नवा नाही. गणिती त्याला ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात. वारणेच्या सहकाराचे शिल्पकार तात्यासाहेब कोरे यांचे काम समजून घ्यायला हा पेच उपयोगी पडतो.

पेच नेमका काय?

दोन कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत. दोघेही गप्प राहिले तर दोघांना थोडी शिक्षा. एकानेच साक्ष दिली तर तो सुटतो, दुसरा अडकतो. म्हणून दोघेही साक्ष देतात आणि दोघेही जास्त शिक्षा भोगतात. अमेरिकेत १९५० मध्ये हा पेच मांडला गेला. उसाचेही तसेच. एकट्याने ऊस बाहेर घातला तर कारखान्याचे फारसे बिघडत नाही, त्याला मात्र चार पैसे जास्त मिळतात. सगळ्यांनीच तसे केले तर गाळप थांबते आणि सभासदांचाच कारखाना कर्जात बुडतो.

तात्यासाहेब कोण होते?

विश्वनाथ अण्णा कोरे ऊर्फ तात्यासाहेब हे पन्हाळा तालुक्यातील कोडोलीचे. जन्म १९१४ चा. १९५० च्या दशकात त्यांनी वारणा खोऱ्यातील शेतकऱ्यांना भागधारक करून साखर कारखाना उभारण्याचे काम हाती घेतले. अडचण तीच होती. कारखाना झाला तर फायदा सगळ्यांचा, पण आधी पैसे कोणी घालायचे? अखेर माळरानावर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती वारणानगर वसले.

लोक एकत्र का राहिले?

हाच खेळ त्याच माणसांशी पुन्हा पुन्हा खेळायचा असेल तर दगा महाग पडतो, हे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकावरील स्पर्धांतून दाखवले. वारणेत त्याआधीच तशी रचना उभी राहत होती. १९६४ मध्ये शिक्षण मंडळ, १९६८ मध्ये दूध संघ, पुढे वारणा बाजार. ज्याचा ऊस कारखान्यात, त्याचेच दूध संघात, मुले कॉलेजात आणि घरचा किराणा बाजारात. एका ठिकाणी शब्द मोडला तर उरलेल्या ठिकाणी रोज तीच माणसे भेटणार.

आज त्याचे काय?

तात्यासाहेबांचे १९९४ मध्ये निधन झाले. आता ऊस उत्पादकापुढे पर्याय वाढले आहेत. त्यामुळे निष्ठा फक्त सभासदाकडून मागून चालत नाही. काटा चोख नसेल, बिल वेळेवर मिळत नसेल, तर पहिला दगा कारखान्याचाच ठरतो. मग ऊस दुसरीकडे गेला तर दोष एकट्या शेतकऱ्याला देता येत नाही.