पाळक जोसेफ प्रीस्टली आणि पुदिन्याची डहाळी

नांदेड व लातूर प्रांतांतील वृद्ध शेतकऱ्यांस पेवाची गोष्ट सांगावयास नको. ज्वारीचे पेव उघडल्यावर त्यात लागलीच कोणी उतरत नसे. प्रथम दोरीने दिवा सोडीत, आणि तो विझला तर माणसास वरच थोपवीत. असा दिवा का विझतो, ह्याचा शोध नेटाने चालविणारा एक गृहस्थ मंडळीचा पाळक होता, हे आमच्या उपदेशक बंधूंपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल.

जोसेफ प्रीस्टली ह्यांचा जन्म १७३३ साली इंग्लंडात लीड्स शहराजवळ झाला. आई बालपणीच निवर्तली. आत्याने त्यांस वाढविले. बोलताना ते अडखळत, तरी त्यांनी उपदेशकाचे काम पत्करले. १७६७ साली ते लीड्स येथील मिल हिल मंडळीचे पाळक झाले. शेजारी बिअर आंबविण्याचा कारखाना होता. तेथील पिंपांवर साचलेल्या हवेत जळती काडी धरली की विझे. बाजारातील सोडा-पाण्याची युक्ती त्यांस ह्याच हवेवरून सुचली.

१७७१ च्या ऑगस्टच्या १७ तारखेस, ज्या हवेत मेणबत्ती जळून विझली होती, तीत त्यांनी पुदिन्याची डहाळी ठेविली. २७ तारखेस पाहतात तो त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम जळाली! ज्या हवेत उंदीर गुदमरून मरे, तीही वनस्पतीने पुन्हा श्वासास योग्य केली. पुढे १७७४ साली पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने सूर्याचे ऊन पाडून त्यांनी प्राणवायू वेगळा काढिला.

परंतु पुदिन्याचा प्रयोग कधी साधे, कधी फसे. ह्याचे कारण १७७९ साली इंगेनहाउझ नामक डच वैद्याने दाखविले. हवा सुधारण्याचे काम झाडाचे हिरवे भागच करितात, आणि तेही उजेडातच. आमच्याकडे शिकलेले लोकही म्हणतात की झाड केवळ रात्री श्वास घेते. तसे नाही. झाड आपल्याप्रमाणेच अहोरात्र प्राणवायू घेते, साखर जाळते व कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. दिवसा मात्र पान त्याच वायूपासून व पाण्यापासून साखर करिते आणि प्राणवायू सोडते; हे काम श्वासापेक्षा पुष्कळ जोराने चालते, म्हणून श्वास झाकला जातो. पेवातील ज्वारीचा दाणा जिवंत असतो, पण तेथे ना पान ना उजेड. तो व त्यातील किडे व बुरशी केवळ श्वास घेत राहतात. म्हणून दिवा विझे. चिंचेखाली निजल्यास भूत छातीवर बसते म्हणणाऱ्यांस आम्ही सांगतो की, झाडाचा रात्रीचा उच्छ्वास उघड्या रानात वाऱ्याने पांगतो. त्यापेक्षा दार लावून, शेगडी पेटती ठेवून निजणे फार घातक आहे.

प्रीस्टली त्रैक्य व प्रभूचे देवत्व मानीत नसत. ह्या बाबतीत आम्ही त्यांस मुळीच अनुसरू शकत नाही. पण त्यांच्या मतांस उत्तर म्हणून जे घडले ते ख्रिस्ती नावास शोभणारे नव्हते. फ्रान्सच्या क्रांतीचा त्यांनी पक्ष घेतल्यामुळेही लोक चिडले होते. १७९१ च्या जुलैच्या १४ तारखेस बर्मिंगहॅम येथे जमावाने राजा व राजमंडळी ह्यांच्या नावाने ओरडत त्यांचे उपासनामंदिर जाळिले, घर, ग्रंथ व प्रयोगाची उपकरणे नष्ट केली. पतिपत्नी थोडक्यात वाचली.

१७९४ साली ती अमेरिकेत पेनसिल्वेनियातील नॉर्थंबरलंड गावी गेली. पुढल्याच वर्षी धाकटा पुत्र वारला, आणि १७९६ साली पत्नी. तेथेही त्यांचे प्रयोग व लेखन चालूच होते. १८०४ च्या फेब्रुवारीच्या ६ तारखेस सकाळी त्यांनी अंथरुणावरून आपल्या हस्तलिखितातील दुरुस्त्या सांगितल्या, त्या वाचून घेतल्या, आणि थोड्याच वेळात प्राण सोडिला.