वडिलांनी घराबाहेर काढलेल्या जोतिरावांनी स्वतःचं घर कुणाकुणासाठी उघडलं?

पुण्यात गंज पेठेच्या गर्दीत एक साधं बैठं घर आहे, महात्मा फुले वाडा. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे. भिंतींवर जोतिरावांच्या आयुष्यातले प्रसंग चित्रांतून दिसतात. बहुतेक जण फोटो काढून निघतात. जरा थांबा, कारण इथल्या काही गोष्टी याच अंगणात घडल्यात.

१८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. लोकांच्या दबावामुळे वडील गोविंदरावांनी दोघांना घराबाहेर काढलं. तेव्हा आसरा दिला मित्र उस्मान शेख यांनी.

पुढे स्वतःचं घर झालं, तेव्हा त्याचं दार कधी बंद राहिलं नाही. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

आणि १८६८ मध्ये घरातला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळी सार्वजनिक हौदावर त्यांना हात लावता येत नव्हता, कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघावी लागायची. समतेवर भाषण करणं सोपं, स्वतःच्या अंगणातलं पाणी देणं अवघड. माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसी काम हेच.

पैसा यायचा कुठून? जोतिराव कंत्राटदार होते, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलं होतं. खेड्यातली परिस्थितीही त्यांना ठाऊक होती. १८७५ मध्ये बारामतीजवळच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. हा उठाव पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर काही वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतिरावांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झालं. कर्ज, सरकारी सारा आणि नडलेला शेतकरी, सगळं त्यात आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. पण वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी नाकारली. अंत्ययात्रेत टिटवं धरून पुढे चालल्या त्या सावित्रीबाई. अस्थी मात्र याच घराच्या आवारात आणल्या गेल्या. तिथलं तुळशी वृंदावन म्हणजे त्यांची समाधी.