लँग्स्टन ह्यूज : ब्लूजचा घाट आणि अस्मितेचा शोध

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाचा विचार त्यांच्या संगीताला वगळून करता येत नाही. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना अक्षरओळख करून देणे हा कायद्याने गुन्हा होता. साहजिकच या समाजाची स्मृती, श्रद्धा, शोक आणि विनोदबुद्धी गाण्यांतून जतन झाली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या विचारवंताने १९०३ मधील आपल्या निबंधग्रंथात प्रकरणांच्या आरंभी नामवंत कवींच्या ओळींखाली या शोकगीतांच्या स्वरलिपीचे तुकडे छापले आणि त्या गाण्यांचा सन्मान केला. परंतु गाणे ग्रंथाच्या शिरोभागी येणे वेगळे आणि गाण्याच्या घाटानेच कविता घडणे वेगळे. ही दुसरी घटना ज्याच्या लेखनात ठळकपणे घडली, तो कवी म्हणजे लँग्स्टन ह्यूज होय.

ह्यूजचा जन्म १ फेब्रुवारी रोजी मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथे झाला. त्याचे जन्मवर्ष १९०२ असे दीर्घकाळ मानले जात होते. जुन्या वृत्तपत्रांतील नोंदींच्या आधारे आता १९०१ हे वर्ष ग्राह्य धरले जाते. आईवडील विभक्त झाले, वडील मेक्सिकोत स्थायिक झाले आणि मुलाचे बालपण कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी आजीपाशी गेले. आजी मेरी लँग्स्टन हिचा पहिला पती १८५९ मध्ये जॉन ब्राउनच्या हार्पर्स फेरी येथील उठावात मारला गेला होता. घरात गरिबी होती, पण गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचा वारसाही होता. याच वयात कॅन्सस सिटीच्या रस्त्यावर ब्लूज त्याच्या कानी पडले. आजीच्या कथा आणि रस्त्यावरचे गाणे हे त्याच्या जडणघडणीतील दोन मूलस्रोत होत.

१९२० मध्ये वडिलांकडे जाताना आगगाडी मिसिसिपी नदी ओलांडत असता त्याने नद्यांवरची ती प्रसिद्ध कविता लिहिली. ती १९२१ मध्ये 'द क्रायसिस' या नियतकालिकात छापून आली. मुलाने अभियंता व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. आपल्याच लोकांविषयी त्यांच्या मनात तिरस्कार होता, असे ह्यूजने आत्मचरित्रात नमूद केले आहे. वर्षभरातच कोलंबिया विद्यापीठ सोडून तो १९२३ मध्ये मालवाहू जहाजावर नोकरीला लागला, पश्चिम आफ्रिकेचा किनारा पाहिला आणि १९२४ मध्ये पॅरिसमधील एका नाइटक्लबच्या स्वयंपाकघरात राबला. तेथे कृष्णवर्णीय वादकांचे जॅझ पहाटेपर्यंत चाले.

१९२५ मध्ये 'द वेअरी ब्लूज' या कवितेला 'ऑपॉर्च्युनिटी' नियतकालिकाच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले आणि १९२६ मध्ये त्याच नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला. या कवितेची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. हार्लेममधील एक पियानोवादक रात्री गात आहे आणि निवेदक ते ऐकत आहे. गायकाचे शब्द ब्लूजचे आहेत, निवेदकाचे शब्द सुशिक्षित कवीचे आहेत. गाणे कवितेत आले आहे, पण निवेदनाच्या चौकटीत.

ब्लूजचे कडवे स्थूलमानाने तीन ओळींचे असते. पहिली ओळ व्यथा मांडते, दुसरी तीच ओळ किंचित बदलून पुन्हा म्हणते आणि तिसरी यमक साधून उत्तर देते. या उत्तरात पुष्कळदा उपरोधाची वा हसण्याची कलाटणी असते. दुःखाची पुनरुक्ती आणि त्यावर हसून केलेली मात, ही या घाटाची अंतर्गत रीत आहे. ह्यूजने प्रत्येक ओळ दोन भागांत तोडून सहा ओळींचे कडवे सिद्ध केले आणि गाण्यातील विराम कागदावर आणला.

१९२७ मधील 'फाइन क्लोद्स टू द ज्यू' या संग्रहातील ब्लूज-कवितांत त्याने निवेदकाची चौकटच काढून टाकली. आता धोबीण, हमाल, जुगारी, टाकलेली स्त्री स्वतःच बोलू लागली. तिच्या बोलीची ओळख करून देणारा सुशिक्षित मध्यस्थ उरला नाही. कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्रांनी या संग्रहावर कठोर टीका केली. गोऱ्या समाजापुढे आपली सभ्य प्रतिमा उभी करू पाहणाऱ्या वर्गाला हे चित्रण अपमानास्पद वाटले. शीर्षकाची निवड चुकल्याचे ह्यूजने पुढे मान्य केले, परंतु घाटाबाबत तो मागे हटला नाही. १९२६ मध्ये 'द नेशन' साप्ताहिकातील निबंधात त्याने आपली भूमिका आधीच मांडली होती. केवळ कवी म्हणून ओळखले जाण्याच्या इच्छेमागे गोरे होण्याची सुप्त आकांक्षा असते, असे त्याचे निदान होते. समकालीन कवी काउंटी कलन याने मात्र जॅझ-कविता श्रेष्ठ काव्याच्या पंक्तीत बसतील काय, अशी शंका घेतली होती. हा वाद दोघांच्या आवडीनिवडीपुरता नव्हता. कोणाची बोली म्हणजे समाजाची बोली, हा त्यातील खरा प्रश्न होता.

या स्वातंत्र्याची किंमत ह्यूजला द्यावी लागली. शार्लट मेसन या धनाढ्य गोऱ्या आश्रयदातीला त्याच्या लेखनात आदिम आफ्रिका हवी होती. १९३० मध्ये हा आश्रय तुटला. त्याच सुमारास 'म्यूल बोन' या नाटकावरून झोरा नील हर्स्टन हिच्याशी असलेला स्नेहही संपला. ते नाटक रंगमंचावर यायला १९९१ साल उजाडले. १९३२ मध्ये तो सोव्हिएत रशियात गेला, १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धाचा वार्ताहर झाला. त्या डाव्या काळाचा जाब १९५३ मध्ये मॅकार्थीच्या समितीने मागितला. ह्यूजने इतरांची नावे सांगितली नाहीत, पण स्वतःच्या जहाल लेखनापासून अंतर राखले. १९५९ च्या निवडक कवितांतून तसल्या बहुतेक कविता वगळलेल्या दिसतात. त्याच्या चरित्राची ही दुबळी बाजू झाकण्याचे कारण नाही.

संगीताशी असलेले नाते मात्र त्याने कधीच सोडले नाही. १९५१ मधील 'मोंटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड' या दीर्घ रचनेत बीबॉपची तुटक लय आहे. १९५८ मध्ये चार्ल्स मिंगस याच्या वाद्यवृंदासह त्याने काव्यवाचन ध्वनिमुद्रित केले, १९६१ च्या 'आस्क युअर मामा' या काव्यात समासात संगीताच्या सूचना छापल्या. संगीत बदलत गेले तसतसा त्याच्या कवितेचा घाट बदलला. अस्मिता ही त्याच्या लेखी गोठलेली वस्तू नव्हती. २२ मे १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी जॅझ वाजविण्यात आले. त्याच्या अस्थी हार्लेममधील शोम्बर्ग केंद्राच्या फरशीखाली, नद्यांच्या त्या कवितेवर आधारित चित्राकृतीच्या खाली, ठेवल्या आहेत.

मराठी अभ्यासकांना हा विषय सर्वस्वी परका नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. तुलना करताना आपला भर प्रायः वेदना, नकार आणि विद्रोह या आशयसूत्रांवर राहिला. ह्यूजचे चरित्र आणखी एक प्रश्न पुढे ठेवते. पीडितांची व्यथा साहित्यात आली, पण त्यांचे गाणे, त्याची लय आणि त्यातील हसू साहित्याच्या घाटात आले काय? आंबेडकरी जलसे आणि दलित कविता यांचा संबंध या दृष्टीने तपासला, तर तौलनिक अभ्यासाला घाटाच्या अंगाने नवी दिशा मिळेल.