सावित्रीबाई फुले : कोशातील नोंद आणि शिक्षिकेचे चरित्र

शाळेत शिकविणाऱ्या माणसाचे चरित्र ज्ञानकोशात यावे काय, आणि यावयाचे तर कशाच्या आधारावर, हा प्रश्न वरवर विद्वानांचा वाटतो. परंतु ज्या समाजाच्या पहिल्या दोन-तीन पिढ्या शिक्षकाचे बोट धरूनच अक्षरापर्यंत पोहोचल्या, त्या समाजासाठी तो घरचा प्रश्न आहे. पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या घरी भिंतीवर मानपत्र असते. त्यातील नाव बदलले तर उरलेला मजकूर दुसऱ्या कोणालाही लागू पडावा, अशीच बहुधा त्याची भाषा असते. अशा मानपत्राला कोशप्रवेशाचा परवाना मानावे काय? आज महाराष्ट्र शासनाचा राज्य शिक्षक पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो, त्या सावित्रीबाई फुले यांच्या जीवनाकडे हा प्रश्न मनात ठेवून पाहण्यासारखे आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती जोतीरावांनी करून दिली. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. लोकनिंदेच्या दडपणाखाली सासरे गोविंदराव यांनी १८४९ मध्ये मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. तरीही चिपळूणकर वाडा, रास्ता पेठ आणि वेताळ पेठ येथे १८५१-५२ या काळात मुलींच्या शाळा निघाल्याच.

या कार्याचा सरकारी गौरव १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात झाला. मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी अर्पण करण्यात आली, ती जोतीरावांना. त्यात वावगे काही नव्हते. शाळा उभ्या करण्याचे श्रेय त्यांचेच होते. पण वर्गात उभे राहून रोज शिकविणाऱ्या बाईची नोंद त्या शालीत कोठे होती? पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी आपण आणि आपली पत्नी यांनी त्या शाळेत अनेक वर्षे एकत्र काम केल्याचे आवर्जून सांगितले. सहकार्याची ही स्वच्छ कबुली आहे. तरी त्या वाक्यात सावित्रीबाई पत्नी या नात्यानेच आहेत, नावाने नाहीत.

याहून मोलाचा पुरावा त्यांच्या शाळांतील एका मुलीने ठेवला. मांग समाजातील मुक्ता साळवे हिने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याचाही आपल्याला अधिकार नाही, त्या धर्माशी आपले नाते काय, असा प्रश्न ती शाळकरी मुलगी निर्भयपणे विचारते. काही वर्षांपूर्वी जिच्या हाती पाटीही आली नसती, तिच्या लेखणीतून हे उतरावे, ही त्या शाळांची खरी परीक्षा आणि खरा निकाल. माझ्या मते कोशकाराने शिक्षकाविषयी प्रथम हे विचारावे : याच्या वर्गातून कोण बोलू लागले? शाल कोणी पांघरली, हा नंतरचा प्रश्न.

सावित्रीबाईंचे काम शाळेच्या भिंतीआड थांबले नाही. फसविल्या गेलेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पुढे दत्तक घेतले. १८७६-७७ च्या दुष्काळाचा भाग तर आपल्या बालाघाटच्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. त्या वेळी सावित्रीबाई जुन्नर भागातील ओतूर येथे सत्यशोधक कार्यकर्त्यांसमवेत होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी पाणी व वैरणीवाचून मरणारी जनावरे, गाव सोडून चाललेली माणसे आणि सावकारांचा जाच यांचे वर्णन केले आहे. कार्यकर्त्यांना पकडण्यात आले, तेव्हा त्या स्वतः कलेक्टरला भेटल्या व त्यांची सुटका करवून घेतली. त्याच दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविण्यात आला. दसरा-दिवाळीनंतर आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागले की मागे राहिलेल्या लेकराला ताट आणि पाटी एकाच छपराखाली मिळाली पाहिजे, हे धारूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. निवासी शाळेच्या पंक्तीत जे घडते, त्याचे एक मूळ धनकवडीत आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा डॉक्टर झालेल्या यशवंताच्या साहाय्याने त्यांनी गावाबाहेर रुग्णांची शुश्रूषा आरंभिली. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आता कोशांचे पाहू. केतकरांचा ज्ञानकोश १९२० पासून खंडाखंडाने निघू लागला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा अर्वाचीन चरित्रकोश १९४६ चा. कोशकार सहसा नवे संशोधन करीत बसत नाही. अगोदर छापलेले तपासून तो नोंद करतो. म्हणून केवळ पुरस्काराच्या बळावर नोंद मागणाऱ्याला तो नकार देतो, तेव्हा त्याचे चुकत नाही. प्रतिवर्षी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांची यादी म्हणजे चरित्र नव्हे. मात्र या नियमाची दुसरी बाजू कठोर आहे : ज्यांच्याकडे छापखाना नाही, नियतकालिक नाही, लिहिणारे नातलग नाहीत, त्यांचे शिक्षक कितीही थोर असले तरी त्या नियमाच्या बाहेरच राहतात. कोशकाराला दोष देऊन हे सुटणारे नाही.

सावित्रीबाईंच्या बाबतीत ही उणीव एका स्त्रीने भरून काढण्यास आरंभ केला. शांताबाई बनकर यांनी लिहिलेले त्यांचे छोटेखानी चरित्र १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. निधनाला तेव्हा ४२ वर्षे लोटली होती. पुढे डॉ. मा. गो. माळी यांनी त्यांच्या कविता, पत्रे व भाषणे एकत्र केली आणि १९८८ मध्ये राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने समग्र वाङ्मय प्रकाशित केले. ओतूरहून लिहिलेले ते दुष्काळाचे पत्र त्यात आहे. कोणीतरी ते कागद जपून ठेवले होते, म्हणून आज त्या बाई कलेक्टरच्या समोर उभ्या असलेल्या आपल्याला दिसतात.