विद्यार्थिनी सावित्रीबाई

प्रतिवर्षी ३ जानेवारीस आपल्या समाजात ठिकठिकाणी सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो, मुली भाषणे करतात, आणि आद्य शिक्षिका म्हणून बाईंचा गौरव होतो. हा गौरव यथार्थच होय. परंतु शिक्षिका होण्यापूर्वी बाई विद्यार्थिनी होत्या, आणि हे विद्यार्थिनीपण त्यांनी लग्नानंतर, सासरी राहून पत्करले होते, याचा उल्लेख भाषणांतून ओझरताच येतो. आमच्या मते त्यांच्या चरित्राचा हाच भाग आजच्या आपल्या घरांस अधिक उपयोगी आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचाच विशेष विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील व आई लक्ष्मीबाई. त्या काळी खेड्यातील कुणब्या-माळ्याच्या मुलीने पाटी हाती धरावी, ही कल्पनाही कोणाच्या मनास शिवत नसे. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या गोविंदराव फुले यांचे चिरंजीव जोतीराव यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. फुले घराणे मूळचे साताऱ्याकडील कटगुणचे. पुण्यात फुलांच्या व्यवसायावरून त्यांस हे आडनाव मिळाले. अशा कष्टाळू, खाऊनपिऊन सुखी घरात ही अक्षरशत्रू बालिका सून म्हणून आली.

जोतीरावांचे इंग्रजी शिक्षण मिशनच्या शाळेत होऊन १८४७ साली पुरे झाले. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस् फॅरार या बाई चालवीत असलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि स्त्री शिकल्यावाचून घर शिकत नाही, हे त्यांच्या मनावर पक्के बिंबले. शाळा काढावयाची तर मुलींस शिकविणार कोण? पुरुष पंतोजीपुढे मुली बसविण्यास आईबाप कचरत, आणि शिकविणारी स्त्री तर कोठेच मिळत नव्हती. तेव्हा जी मिळत नाही ती घडविली पाहिजे, असा निश्चय करून जोतीरावांनी आपल्या घरापासूनच आरंभ केला.

सावित्रीबाई व जोतीरावांच्या मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर या दोघी एकत्र शिकू लागल्या. शेतातील कामाच्या विसाव्यात झाडाखाली बसून, मातीत काडीने अक्षरे गिरवून त्यांनी धुळाक्षरे साध्य केली, असे सांगतात. पुढे जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांनीही बाईंच्या अध्ययनास हातभार लावला. यानंतर अध्यापनाचे रीतसर शिक्षण त्यांनी अहमदनगरास मिस् फॅरार यांजकडे व पुण्यास मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलात घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा.

आपणांस वाचता येणे निराळे आणि दुसऱ्यास वाचावयास शिकविणे निराळे. हा भेद जोतीराव व सावित्रीबाई यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी ओळखला होता. लहान मुलांस कोणीही शिकवील, त्यात अभ्यास तो काय करावयाचा, असे आजही पुष्कळांस वाटते. बाईंचे उदाहरण याच्या नेमके उलट सांगते. जिला पहिल्या इयत्तेच्या मुलींस शिकवावयाचे होते, तिने त्यासाठी स्वतः पुन्हा शिष्य होणे अगत्याचे मानले.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. रस्त्याने जाताना लोक शिव्याशाप देत, अंगावर शेण-चिखल टाकीत. म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत व शाळेत पोचल्यावर ते नेसून कामास लागत. १८४९ साली लोकनिंदेस भिऊन गोविंदरावांनी मुलास व सुनेस घराबाहेर काढले. त्या प्रसंगी उस्मान शेख यांनी त्यांस आसरा दिला, आणि त्यांच्या घरातील फातिमाबी पुढे शाळेच्या कामी सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या.

घर सुटले, पण शाळा सुटली नाही. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत व १८५२ साली वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मुलांसाठीही वर्ग उघडले. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. या अध्यापनाचे फळ पाहावयाचे असेल तर मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीकडे पाहावे. आपल्या लोकांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ज्या शाळेतील लहान मुलगी असे लिहू शकते, त्या शाळेतील शिक्षिका केवळ अक्षरे गिरवून घेणारी नव्हती, हे उघड आहे.

बाईंची शिक्षकीवृत्ती त्यांच्या पत्रांतूनही प्रत्ययास येते. १८५६ च्या ऑक्टोबरात त्या आजारपणामुळे माहेरी नायगावास होत्या. तेथून जोतीरावांस धाडलेल्या पत्रात, आपण नसल्याने फातिमास फार त्रास पडत असेल, ही चिंता त्यांनी व्यक्त केली आहे. त्याच पत्रात, या कार्यावरून दोष देणाऱ्या आपल्या भावाची समजूत आपण कशी घातली, तेही कळविले आहे. त्यांच्या विद्येची कसोटी शाळेत लागली, तशीच माहेरच्या ओसरीवरही लागली. १८५४ साली त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला होता. चौदा वर्षांपूर्वी अक्षरओळख नसलेली मुलगी ग्रंथकर्ती झाली.

जोतीरावांनी १८८२ साली शिक्षण आयोगापुढे जे निवेदन केले, त्यातही प्राथमिक शिक्षकाचाच कैवार आहे. शिक्षक प्रशिक्षित व प्रमाणपत्रधारक असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगराच्या रुमण्यास हात लावण्याची त्यांस लाज वाटू नये, आणि त्यांस दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन नसावे, अशी त्यांची मागणी होती. ही मागणी करताना स्वतःच्या घरात घडलेली शिक्षिका त्यांच्या डोळ्यांपुढे असेलच, असे आम्हांस वाटते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्यविधीच्या वेळी बाईंनी स्वतः टिटवे धरले. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली. १८९३ साली सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांजकडे होते. १८९७ साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसर नजीकच्या दवाखान्यात त्या रुग्णसेवेस उभ्या राहिल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोचविले. त्यातच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्या वाडवडिलांच्या पिढीत व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन किंवा ट्रेनिंग कॉलेजात शिकून गुरुजी झालेले कित्येक पुरुष होते. त्या एका पगारावर अनेक घरांतील भावंडे शिकली. आज प्राथमिक शिक्षक होण्यास बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते, सराव पाठ द्यावे लागतात, पाठ टाचणे लिहावी लागतात, आणि पुढे शिक्षक पात्रता परीक्षा उतरावी लागते. नोकरीची वाट दीर्घ झाली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मुलीचे लग्न ठरताच तिचे पदविकेचे दुसरे वर्ष अर्ध्यावर राहावे, आणि सासरी पुस्तके माळ्यावर पडावीत, हे ज्या घरात सावित्रीबाईंची तसबीर आहे त्या घरात तरी होऊ नये. बाईंचे सर्व शिक्षण सासरीच झाले. त्यांस पतीने शिकविले, पतीच्या मित्रांनी शिकविले, आणि त्यासाठी गावाबाहेर जाऊ दिले. सून शिकते म्हणून लोक नावे ठेवतील, या भीतीने गोविंदराव डगमगले. इतिहासाने मान मात्र जोतीरावांस दिला.

यास्तव आपल्या मंडळास आमची नम्र सूचना आहे. येत्या जयंतीस हारतुऱ्यांचा खर्च बेताने करून, त्या पैशांतून अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या एखाद्या गरजू लेकीची वा सुनेची एक वर्षाची फी भरावी. विवाहित विद्यार्थिनीस त्यात प्रथम हक्क असावा. आणि वधूवर मेळाव्यात मुलीचे शिक्षण विचारणाऱ्या प्रत्येक वरपित्याने, तिचे उरलेले शिक्षण आपण पुरे करू, एवढे वचन त्याच बैठकीत द्यावे.