ओहोटीची वाट पाहणारी

बँकेत होतो तेव्हा संध्याकाळी कॅश जुळली, लेजरे मिटली, की सहकारी लोकलच्या वेळा गाठायला धावत. मीही धावे, पण माझा खरा दिवस रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होई. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. आपल्यासारखे आणखी कोण कोण होते, याची तो मनातल्या मनात यादी करतो. माझ्या त्या यादीत फार वर्षांपासून एका अमेरिकन बाईचे नाव आहे. ती सरकारी मत्स्यखात्यात होती. दिवसा पत्रके लिही, दुसऱ्यांचे अहवाल तपासी, आणि घर निजले की समुद्राविषयी लिहायला बसे. तिचे नाव रेचेल कार्सन.

जग तिला ओळखते ते कीटकनाशकांच्या अंदाधुंद वापराविरुद्ध उभी राहिलेली बाई म्हणून. ते खरेच आहे. पण तिचा जीव रमत असे तो किनाऱ्यावर, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांत.

गंमत अशी, की या समुद्रवेडीने वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता. 27 मे 1907 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल या गावी तिचा जन्म झाला. गावाला नदी होती, समुद्र दूर. आई मरिया हिने मुलीला रानावनात हिंडवले, पाखरांची नावे शिकवली. रेचेल लेखिका व्हायचे म्हणून कॉलेजात गेली आणि जीवशास्त्राच्या प्रेमात पडली. 1929 च्या उन्हाळ्यात वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेली, तेव्हा पुस्तकांतला समुद्र पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला.

पण संसाराचे ओझे लग्न न करताही अंगावर पडते. 1932 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळाली, ती मंदीच्या ऐन दिवसांत. 1935 मध्ये वडील गेले. 1937 मध्ये थोरली बहीण गेली, तिच्या दोन लहान मुली मागे राहिल्या. आई, भाच्या आणि घरखर्च, सगळे रेचेलच्या पगारावर आले. मत्स्यखात्यात तिने आधी रेडिओसाठी सागरी जीवनावरच्या 52 छोट्या संहिता लिहिल्या होत्या. 1936 मध्ये तिथेच कायमची नोकरी लागली. एका सरकारी पत्रकासाठी तिने लिहिलेली प्रस्तावना वाचून साहेब म्हणाले, हे आमच्या कामाचे नाही, मासिकाकडे पाठवा. असा साहेब लाभणे हे भाग्यच! 1937 मध्ये तो लेख ‘अटलांटिक मंथली’त छापून आला.

त्यातूनच पहिले पुस्तक निघाले, 1941 च्या नोव्हेंबरात. महिनाभरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि अमेरिका युद्धात उतरली. किनाऱ्यावरची पाखरे आणि समुद्रातले मासे यांच्या कथा वाचायला कोणाला सवड होती? दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. रेचेल पुन्हा ऑफिसात जाऊ लागली. पुढे दहा वर्षांनी, 1951 मध्ये, ‘द सी अराउंड अस’ आले आणि 86 आठवडे खपाच्या यादीत राहिले. मग ते पडलेले पहिले पुस्तकही पुन्हा छापले गेले आणि तडाखेबंद खपले. 1952 मध्ये तिने नोकरीचा राजीनामा दिला. हा प्रसंग वाचताना मी दरवेळी जरा थांबतो.

हाती आलेल्या पैशांतून तिने मेन राज्यातल्या साउथपोर्ट बेटावर 1953 मध्ये खडकाळ किनाऱ्यालगत एक छोटे घर बांधले. तिथे ओहोटीची वेळ हेच तिचे घड्याळ. पाणी ओसरले की बाई हातात बादली आणि भिंग घेऊन शेवाळाने निसरड्या झालेल्या खडकांवर उतरे. डबक्यांत तारामासे, समुद्रफुले, गोगलगायी, चिमुकले खेकडे. बर्फासारख्या पाण्यात ती इतका वेळ उभी राही, की पाय बधिर होत. घरी आणलेले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाले, की ते जिथून उचलले तिथेच परत नेऊन सोडायचे, मग रात्र झालेली असो. त्यासाठी ती विजेरी घेऊन पुन्हा खाली जाई. उसने घेतलेले परत करायचे, हा नेम आम्हा बँकवाल्यांना चांगला कळतो. या हिंडण्यातून 1955 मध्ये ‘द एज ऑफ द सी’ हे पुस्तक झाले.

तिच्या भाचीचा मुलगा रॉजर अवघा वीस महिन्यांचा असताना, एका पावसाळी रात्री त्याला चादरीत गुंडाळून तिने गर्जणाऱ्या लाटांपाशी नेले होते. मुलाला नावे पाठ करून घ्यायची घाई नको, आधी त्याला नवल वाटू द्यावे, असे तिचे मत होते. 1957 मध्ये भाची वारली आणि पाच वर्षांच्या रॉजरला रेचेलने दत्तक घेतले. तेव्हा तिची पन्नाशी आली होती.

1958 च्या आरंभी एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारल्यावर अंगणातली पाखरे तडफडून मेली होती. रेचेलला पुढचे काम दिसले. किनारा सोडून टेबलाशी बसायचे, शेकडो शास्त्रीय निबंध चाळायचे, बलाढ्य कारखानदारांशी वैर घ्यायचे. त्याच वर्षअखेर आई गेली. 1960 मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. दुखणे तिने जगापासून लपवले. विरोधकांच्या हाती आयते कोलीत द्यायचे नव्हते. सप्टेंबर 1962 मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. तिला भावनाप्रधान, भित्री, शास्त्र न समजणारी ठरवण्याचा खटाटोप झाला. पण मे 1963 मध्ये अध्यक्ष केनेडींच्या सल्लागार समितीने तिच्या म्हणण्याला मोठाच दुजोरा दिला.

त्याच सप्टेंबरात एका सकाळी ती शेजारीण आणि जिवलग मैत्रीण डोरोथी फ्रीमन हिच्याबरोबर बेटाच्या टोकाशी बसली होती. मोनार्क जातीची फुलपाखरे एकामागून एक पश्चिमेकडे निघाली होती. त्यातली बहुतेक परतणार नव्हती. दुपारी तिने डोरोथीला चिठ्ठी लिहिली. त्या जाण्याविषयी बोलताना आपल्याला मुळीच दुःख झाले नाही. आयुष्याचे चक्र पुरे होणे स्वाभाविकच आहे, असा तिचा भाव होता. मैत्रिणीला निरोप कळला असणार.

14 एप्रिल 1964 रोजी रेचेल गेली, वय 56. रॉजर तेव्हा बारा वर्षांचा होता. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर 1972 मध्ये बंदी आली. या विषामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटत, त्यामुळे तिथले तपकिरी पेलिकन नाहीसे होऊ लागले होते. ते हळूहळू किनाऱ्यांवर परतले आणि 2009 मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून त्यांचे नाव निघाले. हे पाहायला ती नव्हती.

तिची अर्धी रक्षा आईशेजारी पुरली गेली. उरलेली डोरोथीने साउथपोर्टच्या खडकांवरून लाटांवर सोडली. जे जिथून आणले, ते तिथे परत पोचते झाले.